फळ्यावरची सतरा तारीख

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वर्गात काही बिनसलं की मला पहिल्यांदा तुमचाच राग येतो. आजही त्याच रागानं लिहायला बसले आहे.

पहिलीत तुम्ही मला कॅलेंडर शिकवलं ते वडिलांच्या शनिवारावर. वडील खाप्याला नोकरीला होते, शनिवारी संध्याकाळी घरी यायचे. तुम्ही टेबलाजवळ बोलावून विचारायच्या, "आज बुधवार. बाबा याले किती झोपा उरल्या वं?" मी बोटांवर मोजून तीन म्हणायचे. प्रत्येक पोराचा असा एकेक दिवस तुम्ही हेरून ठेवला होता, कुणाचा बाजार, कुणाचा वाढदिवस. पोरं वार पाठ करून शिकत नाहीत, वाट पाहून शिकतात, असं तुमचं म्हणणं. पुढे त्याच शाळेत मी तुमच्या हाताखाली शिकवायला लागले आणि एकदा घाईघाईत फळ्यावर आदल्या दिवशीची तारीख लिहून बसले. भर वर्गात तुम्ही म्हणालात, "पोरं तुह्या भरोशावर उतरवून राहिले. पूस ते, अन् माफी माग त्यायची." मी मागितली. घरी जाऊन रडले, तुम्हाला शिव्याही घातल्या.

यंदा माझ्या दुसरीच्या वर्गात भिवापूरकडची एक मुलगी आली. आई धंतोलीच्या दवाखान्यात भरती होती, म्हणून पोर इथं मावशीकडे. घड्याळ तिच्या डोक्यात शिरेना, वारही नाही; मंगळवारनंतर ती सरळ रविवार म्हणायची. मग मी तुमचीच युक्ती काढली. अठराला आईला सुट्टी देतो असं डॉक्टर म्हणाले होते. मी तिला वर्गातल्या कॅलेंडरवर अठरा तारखेला लाल गोल करायला लावला, शेजारी चार वाजल्याचं घड्याळ काढायला लावलं. चार वाजता आई येईल, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. बाई, चार दिवसांत पोर कॅलेंडर वाचायला लागली! रोज सकाळी कालच्या तारखेवर फुली मारायची आणि मला सांगायची, "म्याडम, आता पाचच झोपा." मी फुशारून सगळ्या शिक्षकांना सांगत फिरले.

अठराला सकाळी मावशीनं मला फाटकापाशी बाजूला घेतलं. आई आदल्या दिवशी पहाटेच गेली होती, गावी नेऊन सगळं आटोपूनही आले होते. "पोरीले सांगाची हिंमतच होऊन नाही राहिली, म्याडम. आजच्या दिवस तुमी काही बोलू नका," ती म्हणाली. मी वर्गात गेले आणि फळ्यावर सतरा तारीख लिहिली. चाळीस पोरांनी मुकाट उतरवून घेतली. ती एकटी उठून उभी राहिली.

"म्याडम, सतरा काल झाली. मी फुली मारली नं."

"चुकली तू. बस खाली."

तिनं कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खोडरबर घेतला, वहीतला अठरा पुसला आणि सतरा लिहिला. मी म्हटलं म्हणून. तरी चार वाजता ती दाराकडे बघतच होती.

नंतर मावशीनं सांगितलं तिला. आता किती वाजले विचारलं तर ती "नाही येत" म्हणते, आणि वहीत तारखेची जागा कोरी सोडते. तिला सगळं येतं, मला माहीत आहे. मी तिला काही म्हणत नाही, पण माफीही मागितलेली नाही. कुठून सुरुवात करू? आणि मागून तरी तिचं काय परत येणार आहे? माझे वडील दर शनिवारी खरोखर आले, म्हणून तुमची पद्धत बरोबर ठरली, बाई. एखाद्या शनिवारी ते आले नसते तर तुम्ही काय केलं असतं, हे मला कधी विचारायचं सुचलंच नाही.

हे पान मी फाडून टाकणार आहे. तुमच्याजवळ कबूल करायचं आहे ते एवढंच, की आज हजेरी घेताना तिच्या नावावर कोणी बोललं नाही, ती आली नव्हती, आणि मला बरं वाटलं.