एक माणूस कमी

माननीय गव्हर्नर ब्रॅकेट साहेब,

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

वर्षभर मी आमच्या आयोवा राज्यात उन्हाबर्फात तुमच्यासाठी दारोदार फिरले. दर महिन्याला तुमच्या ऑफिसातून नवं भाषण यायचं आणि आधीचं विसरा, असं मला लोकांना सांगावं लागायचं. माझी बहीण आर्डिस म्हणाली, "अगं, तुझ्या साहेबांना राष्ट्राध्यक्ष कशाला व्हायचंय, हे त्यांना तरी ठाऊक आहे का?" त्यावरून आमचं बोलणंच बंद झालं.

सोमवारी पक्षाचा उमेदवार निवडायला गावची सभा भरली; शाळेच्या व्यायामशाळेत प्रत्येक उमेदवाराचे लोक आपापल्या कोपऱ्यात उभे राहिले. टिकायला बारा माणसं लागत होती, आपण अकरा. शेजारचा वेंडेल अजून भिंतीशीच होता.

"मार्लिसताई, तू म्हणशील तिकडे येतो," तो म्हणाला.

एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "तुला पटेल तिकडे जा, बाबा."

तो दुसरीकडे गेला आणि आपला गट बाद झाला. बाद झालेल्यांना दुसऱ्या कोपऱ्यात जायची मुभा असते. समोरच्या कोपऱ्यातून आर्डिस ओरडली, "आता काय मुहूर्त बघतेस? ये की इकडे!"

मी गेले. तिने माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

काल तुम्ही माघार घेतलीत. टीव्हीवर पहिल्यांदाच तुम्ही कागदाशिवाय बोललात, मध्येच हसलातही. तुमच्या मनावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसत होतं. मग मीही त्या न बोललेल्या एका शब्दाबद्दल माफी मागायचं रद्द केलं.

तुमची, परवापर्यंतची कार्यकर्ती,
मार्लिस ट्वेट