बारा शिक्षकांची दुपार

कट्टा, ता. मालवण
सोमवार

तीर्थरूप भावोजींच्या चरणी गुरुदासचा साष्टांग दंडवत.

तुमचा रक्तदाब आणि दुर्गाताईचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. माझा रक्तदाब गेल्या गुरुवारपासून कोणाच्याच ताब्यात नाही. (डॉक्टर म्हणाले, काळजी सोडा. मी विचारलं, कुणाकडे सोडू? ते पुढच्या पेशंटकडे वळले.)

आमच्या शाळेला पोर्तुगालच्या एका शाळेबरोबर 'किनाऱ्यावरून विज्ञान' हा प्रकल्प मिळाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. अनुदान ठोक आहे असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पावत्या जपून ठेव, बाकी देव बघेल." भावोजी, तुम्ही केंद्रप्रमुख, शाळा तपासण्यात आयुष्य गेलेलं, म्हणून मी चहाचीसुद्धा पावती फाईलला लावली. पण ठोक अनुदानाची रीतच वेगळी निघाली. काम सुरू होण्याआधीच त्याचे चार गट पाडायचे: पाठ लिहिणं, मुलांच्या ऑनलाईन भेटी, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि शेवटचं प्रदर्शन. प्रत्येक गटाची रक्कम तेव्हाच ठरते. मग तुम्ही शिक्षकांना उसळपाव द्या की श्रीखंडपुरी, कोणी विचारत नाही. विचारतात एवढंच, की कबूल केलेलं काम पुरं झालं का? झालं तर ठरलेली रक्कम तुमची. नाही झालं तर पावत्यांचा डोंगर दाखवलात तरी त्या गटाचे पैसे कापले जातात, आणि आगाऊ मिळालेले असतील तर परत करावे लागतात.

आमचा तिसरा गट सहा लाखांचा. कबुली अशी, की चाळीस शिक्षक, पुरे दोन दिवस. पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस आले, ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरले, शंखशिंपले मोजले. (एका गुरुजींची चप्पल समुद्राने नेली, तीही मोजण्यात आली.) दुसऱ्या दिवशी जेवणं चालू असतानाच वरून तातडीच्या बैठकीचा निरोप आला आणि बारा जण हात धुऊन जे उठले ते परतलेच नाहीत. उरलेल्या अठ्ठावीस जणांना मी शिकवलं, पण नजर त्या बारा रिकाम्या खुर्च्यांवर.

पैसे तर खर्च झालेले. चाळीस शाळांना भिंगं, जाळी, काचेच्या पेट्या देऊन टाकल्या. आता ती भिंगं पोरांच्या हातातून काढून घ्यायची आणि विकायला बसायचं? आमच्या चौथीतली रिया भिंगातून खेकड्याचे डोळे बघून किंचाळली होती, ते मला आठवत राहिलं. चार रात्री झोप नाही.

गुरुवारी दुपारी साडेतीनला तिकडच्या परीक्षक बाईंची ऑनलाईन बैठक होती. तीन वीसलाच बैठकीची लिंक उघडून मी लॅपटॉपसमोर बसलो. शेजारी आमचा क्लार्क विनीत हजेरीपत्रक घेऊन उभा. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या रकान्यात बारा घरं कोरी.

"सर, बारा सहयो मारूक कितको येळ लागता? दोन येगळी पेनां आसत माझ्याकडे," तो म्हणाला.

"आणि कोणी इचारल्यान तर?"

"लिस्बनसून हंय कोण येतलो इचारूक?"

भावोजी, खोटं कशाला बोलू, पेन माझ्या हातात होतं. टोपणसुद्धा काढलं होतं. पण बैठक सुरू झाली, बाईंनी तिसऱ्या गटाचं विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. अठ्ठावीस. बारा कमी. कारण हे असं. विनीत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

बाई बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, काम पुरं झालेलं नाही, त्यामुळे आज तिसरा गट मान्य करता येणार नाही. मात्र प्रकल्पाची मुदत तीस तारखेपर्यंत आहे. तोवर त्याच बारा जणांचं राहिलेलं अर्ध्या दिवसाचं सत्र घेतलंत आणि फोटोंसह हजेरी पाठवलीत, तर रक्कम पूर्ण. नाही, तर कपात. मी आभार मानले आणि उठून दोन तांबे पाणी प्यालो.

ताईला नमस्कार. कोकमाची सोलं वाळली की पाठवतो.

आपला,
गुरुदास

ता. क. : पत्र खरं तर यासाठी. तातडीच्या बैठकीचा तो निरोप तुमचाच होता, भावोजी. बारा जण तुमच्याच केंद्राचे. तुमच्या बैठकीत गणवेशाच्या मापांवर चर्चा झाली असं त्यांच्याकडून कळलं. मी रागावलेलो नाही. फक्त येत्या शनिवारी दुपारी दोन ते सहा ते बाराही जण मला परत हवेत. त्यांना आणायला कुडाळला गाडी मी पाठवतो. आणि कृपा करून त्या चार तासांत तातडीचं काही काढू नका.

ता. क. २ : ताई हे पत्र तुमच्याकडून मोठ्याने वाचून घेईल, आणि भाऊ खरेपणाने वागला म्हणून डोळे पुसेल. तिला पुसू द्या. तुम्हाला म्हणून सांगतो, माईक तीन वीसपासून चालूच होता. बाईंची आजी मडगावची, घरात कोकणी. मी तोंड उघडण्याआधीच त्या हसून म्हणाल्या, "मास्तर, म्हाका पेनां नाका, खरें सांगात."