आई गोड बोलायला लागली तेव्हा

प्रिय ठकू,

आधी घाबरू नकोस, आई आता ठणठणीत आहे. आज सकाळीच तिने माझ्या चहाला कोमट पाणी म्हटलं आणि पडदे डोळे मिटून धुतलेस का, असं विचारलं. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. त्यावर, नर्स असून मुळूमुळू रडते म्हणून आणखी दोन शब्द ऐकून घ्यावे लागले.

त्याचं असं झालं, की गेल्या महिन्यात ती अचानक गोड बोलायला लागली. चहा छान झालाय म्हणाली. मी खुर्ची ओढून बसलेच. तू बँकेतली नोकरी सोडून कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान काढलंस, तेव्हापासून तुम्हा मायलेकींचं बोलणं बंद आहे. तुझ्यावरचा तो राग हाताशी असलेल्या माणसावर, म्हणजे माझ्यावर निघतो, आणि त्याची मला सवय झाली आहे. त्यामुळे एक दिवस मीही सुख भोगलं. पण दुसऱ्या दिवशी तिने दूधवाल्याची माफी मागितली, तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. तुझा दादा मात्र खुशीत. वय झालं की माणूस मवाळ होतं, घर कधी नव्हे ते शांत आहे, तू उगाच खुसपट काढू नकोस, असं मलाच समजावत होता.

आमच्या म्हाताऱ्यांच्या वॉर्डात नवीन मुलींना आम्ही पहिलं हेच शिकवतो, की म्हातारं माणूस एकदोन दिवसांत पालटलं तर त्याला स्वभाव म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण शोधायचं. मी पाळत ठेवली. ताप नव्हता, पण दर थोड्या वेळाने बाथरूमकडे धाव, ओटीपोट धरून बसणं, आणि गादीखाली कोंबलेली ओली चादर. गुडघे दुखतात, सारखं उठायला नको, म्हणून बाईसाहेबांनी पाणी पिणंच सोडलं होतं. मी भरून ठेवलेला तांब्या रोज खिडकीतल्या कुंडीत रिकामा होत होता. तरीच ते झाड एवढं माजलं होतं.

लघवीचा नमुना मिळवणं हे आणखी एक दिव्य. जागा धुऊन घ्यायची, पहिली धार सोडायची, मधली बाटलीत धरायची, असं मी नीट समजावलं. ती हो बाळा म्हणाली, आत गेली, बाटली साबणाने लख्ख घासली आणि तिच्यात केसांच्या पिना भरून घेऊन आली. पुढच्या बाटलीला मी आत तिच्याजवळ उभी राहिले. तपासणीत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. या वयात त्याने माणूस भ्रमतं, वेळेवर आणलंत, मूत्रपिंडापर्यंत पोचला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. दादाचा चेहरा तेव्हा उतरला. गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू तिचा आवाज चढत गेला. बरं वाटताच तिला गोळ्या बंद करायच्या होत्या, मी डोस पुरा करायला लावला. आता पाण्याचा प्रत्येक ग्लास माझ्यासमोर संपवते, मला नावं ठेवत.

आता मुद्द्याचं. तो सगळा गोडवा माझा नव्हताच गं. चहा देताना तिने मला ठकू म्हटलं होतं. आधी वाटलं जीभ घसरली, पण पुढे सगळे दिवस मी ठकूच होते. इतक्या वर्षांत एकदा चहाची तारीफ झाली, तीही तुझ्या खात्यात गेली, याचा मला थोडा रागच आहे. एका संध्याकाळी तिने माझे हात हातात घेतले. वॉर्डात धुऊन धुऊन ते खरखरीत झालेत. कुत्र्यांच्या साबणाने काय दशा झाली तुझ्या हातांची, म्हणाली. मग सांगत बसली, की दाताच्या डॉक्टरकडे जाते असं आम्हाला सांगून ती बसने तुझ्या गावी येऊन गेली होती. समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. तू लाल टबात एका भल्यामोठ्या कुत्र्याला फेस लावत होतीस, त्याने अंग झाडलं, तू नखशिखांत भिजलीस आणि हसत सुटलीस. मलाही हसू आलं, पण आत यायचा धीर झाला नाही, म्हणाली. आता विचारलं तर काही आठवत नाही म्हणते. तुझं दुकान मी पाहिलेलं नाही, दादानेही नाही. म्हणून हे पत्र. तुझ्याकडे लाल टब आहे का, तेवढं खरं सांग. असेल तर तिचं ते बोलणं भ्रमातलं नव्हतं, आणि आता रस्ता ओलांडायची पाळी तुझी आहे.

तुझीच,
वहिनी