नवे मासे बरणीतच राहू दे

सिंधू,

कोणालाही खरं वाटणार नाही, पण काल धुळ्याहून येताना कंडक्टरने तुझ्या दोन्ही नव्या माशांचं अर्धं-अर्धं तिकीट फाडलं. ते काचेच्या बरणीत ठेवलेत. तू कॉलेजातून येशील तोवर मी यावलच्या एस्टीत असेन, म्हणून लिहितो.

पंधरा दिवस त्यांना टाकीत सोडू नकोस. बाजारातून आणलेला बैल आपण लगेच जुन्याच्या गव्हाणीला बांधतो का? बरणीत वापरलेली जाळीसुद्धा टाकीत बुडवू नकोस. एवढं आबाचं ऐक.

ब्याऐंशी साली, तू दुसरीत होतीस, तेव्हा मी घाई केली. नवे मासे सरळ टाकीत सोडले. आठवड्यात तुझ्या तिन्ही जुन्या माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके उठले. तू टाकीला गाल लावून बसायचीस, जेवायलाही उठायची नाहीस. शेवटी तू शाळेत गेल्यावर मी त्यांना हवापालटासाठी तापीत सोडून आलो. तिथे ते ठणठणीत झाले. पुलावरून एस्टी गेली की अजून तोंड वर काढून तुझी खुशाली विचारतात.

हे मी मोठ्याने वाचत लिहितोय आणि आजी माझ्या भाकरी बांधतेय. ती म्हणते, "मंग जास्वंदीखाले म्या पुरले ते काय वांगे व्हते?"