नालेतला बाण

प्रिय कायेतान,

हे पत्र एकटा असशील तेव्हाच वाच. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. चुलीवरचं बिटाचं सार उतू गेलं, तेही कळलं नाही.

मार्चमध्ये कचेरीचा कारकून गावात आला. आपल्यासारख्या स्वतः नांगर धरणाऱ्या उमरावांनी कुलचिन्ह कागदोपत्री सिद्ध करायचं, नाहीतर साधी रयत व्हायचं. म्हणजे मुलगा झारच्या फौजेत, वीस-पंचवीस वर्षं. मी तुझ्या बाबांची मुद्रा पुढे ठेवली. घोड्याची नाल, वर क्रूस. तो म्हणाला, "बाई, नाल तर लोहाराकडेही असते. कागद दाखवा." कागद आजोबांच्या घराबरोबर जळाले, ते कुठून दाखवू?

मग चिखल तुडवत पाच कोसांवर ओनुफ्रीकाकांकडे गेले. आडनाव एकच, नालही तीच. त्यांच्या शाखेच्या नालेत एक बाण जास्त, पण त्यांचे कागद शाबूत आणि मंजूर झालेले. खरं चिन्ह कुणाचं, यावरून बाबांनी मरेपर्यंत अकरा वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "अरे वा, नालबंदांकडच्या वहिनी! घोडा लंगडला वाटतं?"

"भाऊजी, पोरगं चाललंय माझं," मी म्हटलं. त्यांचं हसू तिथंच विरलं.

त्यांना एक मुलगा होता, लुद्विक. तुझ्याच वर्षी जन्मला आणि दीड महिन्यात गेला. तेव्हा ते दूर लिडा शहराकडे राहत. कॉलऱ्याची साथ होती, पाद्रीही अंथरुणाला खिळलेला. बाप्तिस्मा चर्चच्या वहीत चढला, मरण चढलंच नाही. काकांनी पेटीतून त्या बाप्तिस्म्याचा दाखला काढला आणि बराच वेळ त्यावर तळवा ठेवून बसले. मग म्हणाले, "न्या, वहिनी. पण पोराला सांगा, नाव नीट सांभाळ. वापरलेलं नाही ते."

दाखला आणि बाणाची मुद्रा सोबत पाठवते आहे. आजपासून तू लुद्विक, ओनुफ्रीकाकांचा मुलगा. पण कायेतान भरतीच्या यादीत राहिला, तर त्याला शोधत येतील. म्हणून काल मी चर्चमध्ये जाऊन तुझं मरण नोंदवलं. परगावी तापानं गेला, असं मी सांगितलं. पाद्रीबाबांनी वर न बघता लिहून घेतलं. रविवारी सारं गाव तुझ्यासाठी प्रार्थनेला जमेल आणि मला काळे कपडे घालून पुढच्या बाकावर बसावं लागेल. बातमी तुझ्यापर्यंत आली तर घाबरू नकोस, आणि इकडे तर मुळीच फिरकू नकोस. ईस्टरला काकांकडे ये. ते तिथं राहायला आल्यापासूनच अबोला होता, त्यामुळे तिथं तुला कुणी पाहिलेलं नाही. मीही येईन. चारचौघांत त्यांना बाबा म्हण, मला काकू म्हण. जीभ अडखळू देऊ नकोस. मीही सवय करते आहे.

वाचून झालं की हे जाळ.

तुझीच,
काकू