विश्वखाद्य मंडळाचे अध्यक्ष

१ जानेवारी १९९६, सोमवार
नवी डायरी. खताच्या कंपनीने ऑफिसात वाटलेली. प्रत्येक पानाखाली युरियाबद्दल एक सुविचार. हरकत नाही.

देशाने जगाला दारं उघडी केली. आता हैदराबादेत काय नाही? आणि आपण अजून वरणभातात. संकल्प: दर शनिवारी एका नव्या देशाचं जेवण. वर्षअखेर बावन्न देश.

मंडळ स्थापन केलं. मी अध्यक्ष. सभासद: ज्योती, म्हणजे माझी बायको. अप्पाराव, जामबागच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता अफझलगंजात पाइपांचं दुकान. शिवाय वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू सारंग आणि मृण्मयी. पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरात. निवडणूक घेतली नाही. वेळ वाचला.

ही दोघं ज्योतीला ताई म्हणतात आणि मला काका. मी बेचाळीसचा, ती चाळीसची. पुण्यात नाती कशी मोजतात कोण जाणे.

५ जानेवारी, शुक्रवार
चॉपस्टिकचा सराव. ज्योतीच्या विणायच्या सुया आणि वाटीभर भिजवलेले हरभरे. दीड तासात तीन उचलले. चौथा कपाटाखाली गेला. प्रगती समाधानकारक.

६ जानेवारी, शनिवार
देश पहिला: चीन. बशीरबागेत. लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन.

सगळ्यांना चॉपस्टिक धरायला शिकवलं. पाच मिनिटांत सगळे पटापट खायला लागले. शिकवणं चांगलं असलं की असं होतं. मी चमचा घेतला. क्रिकेटचा कोच स्वतः बॅटिंग करतो का?

निघताना आचाऱ्याला भेटायचा आग्रह धरला. नाव यादगिरी, गाव नलगोंडा. मी कमरेत वाकून चिनी पद्धतीने नमस्कार केला. त्याने तेलुगूत विचारलं, सर, पाठ दुखते का. ट्रेनिंग चीनमध्ये झालं असणार.

घरी येऊन दहीभात खाल्ला. केवळ तुलनेसाठी.

१३ जानेवारी, शनिवार
देश दुसरा: इटली. बंजारा हिल्स. वेटर अदबशीर. पास्ता अल देंते चालेल ना, असं विचारलं. मी स्पष्ट सांगितलं, आम्ही त्यांना ओळखत नाही, मुख्य आचाऱ्यालाच करायला सांगा. मृण्मयीला ठसका लागला. बराच वेळ.

पास्ता कच्चा निघाला. सारंग म्हणतो अल देंते म्हणजे असाच, दाताखाली लागणारा. दोनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा छान शिजून शेवयांच्या खिरीसारखा झाला होता. इतरांनी फारसा खाल्ला नाही. माझ्यासाठी ठेवला असावा.

घरी दहीभात. तुलनेसाठी.

२० जानेवारी, शनिवार
देश तिसरा: मेक्सिको. आज एक दुर्घटना माझ्या प्रसंगावधानामुळे टळली.

वेटर लाकडी पाटावर लोखंडी तवा घेऊन आला. तव्यातून धूर, चर्र आवाज, सगळे लोक वळून पाहायला लागले. मी ओळखलं, स्वयंपाकघरात आग. पाण्याचा जग उचलला आणि तव्यावर ओतला.

आग नव्हती. त्या पदार्थाला सिझलर म्हणतात आणि तो तसाच आणतात. वाफेचा ढग उठला. ज्योतीची साडी, सारंगचा चष्मा, शेजारच्या टेबलावरच्या बाईंचे केस. अप्पाराव म्हणाला, मियाँ, पुढच्या टायमाला फायर ब्रिगेडलाच मेंबर करून घेऊ. त्याला विनोदाची जाण आहे. परिस्थितीची नाही.

२७ जानेवारी, शनिवार
देश चौथा: लेबनॉन. या वेळी पूर्ण तयारी. सेंट्रल लायब्ररीत दोन दुपारी बसून टिपणं काढली. पदार्थ टेबलावर आले, सर्वांना थांबवलं आणि लेबनॉनचा इतिहास सांगितला. फिनिशियन लोकांपासून. पस्तीस मिनिटं. एकानेही मधे टोकलं नाही. सगळ्यांची नजर एकाग्र, बशीवर.

हम्मस म्हणजे आपलं पिठलंच, हेही सिद्ध केलं. मालकाला बोलावून सांगितलं की यात हिंग आणि कढीपत्ता घाला. तो म्हणाला, शुक्रिया. भारावला होता.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. जड विषय पचायला वेळ लागतो.

३ फेब्रुवारी, शनिवार
बैठक रद्द. सारंगचं ऑफिसात अर्जंट काम. मृण्मयीचं डोकं दुखतंय. अप्पारावच्या दुकानात माल आलाय. ज्योतीच्या टाचा. चौघं एकाच दिवशी! हवा बदलली की असं होतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार
ज्योतीने भरतकामाचा क्लास लावलाय. दर शुक्रवारी संध्याकाळी. प्रोत्साहन दिलं. बाईमाणसाला स्वतःचं काहीतरी हवं. आठ दिवसांपूर्वी सुरू केला म्हणे. अजून एक टाका दिसला नाही, पण चेहरा टवटवीत आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा रद्द. कारणं तीच, फक्त माणसं बदलली. आज टाचा अप्पारावच्या.

मंडळ थकलंय. अध्यक्षाने खचून चालणार नाही. ठरवलं: नव्या थाई हॉटेलची आधी एकट्याने पाहणी करायची आणि मग एकदम सरप्राइज.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
थाई हॉटेलात गेलो. संध्याकाळी साडेसात. दारातच हसणं ऐकू आलं. अप्पारावचं हसणं लॉरीच्या हॉर्नसारखं, चुकायचं कसं?

मधे माशांची मोठी काचपेटी होती. तिच्या मागून पाहिलं. अप्पाराव, सारंग, मृण्मयी. आणि भरतकामाच्या क्लासची ज्योती. अप्पाराव उभा राहून माझी नक्कल करत होता. हात कमरेवर, मान ताठ. ‘हे देंते कोण? आम्ही यांना ओळखत नाही!’ सारंग टेबलावर डोकं ठेवून हसत होता. ज्योती पदराने डोळे पुसत होती. हसून हसून. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती अशी हसायची. नंतर मला वाटलं, वय झालं.

परत फिरायला हवं होतं. तिथेच उभा राहिलो. एक केशरी मासा सारखा माझ्यासमोर येऊन थांबत होता, त्यालाही मी ओळखीचा वाटलो असेन.

ज्योतीने पाहिलं. अप्पाराव उठून आला, खांद्यावर हात टाकला. म्हणाला, कायकू खडा है मियाँ, चल बैठ.

बसलो. मी म्हणालो, भरतकाम छान चाललंय. ज्योती खाली बघत होती. मग सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘तुमच्याशिवाय यायचं नव्हतं हो. पण तुम्ही असलात की जेवणच होत नाही. व्याख्यान होतं. गरम आहे तोवर एकदा खायचं होतं आम्हाला.’

सारंग म्हणाला, सॉरी काका. मृण्मयीने माझ्या पानात भात वाढला आणि वर हिरवा, नारळाच्या दुधातला रस्सा.

खाल्ला. टिपणं नव्हती. थायलंडचा इतिहास मला ठाऊक नाही. तिखट होता, आंबट होता, शेवटी गोड. पुन्हा वाढून घेतला. थोड्या वेळाने सगळे एकदम बोलायला लागले. मी त्यात नव्हतो, तरी चालत होतं.

घरी दहीभात नाही. पोट भरलेलं होतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार
शांतपणे विचार केला. त्यांनी मला टाळलं नव्हतं, माझी उणीव किती जाणवते हे तपासत होते. बैठक यापुढे शुक्रवारी. अध्यक्षपद ज्योतीकडे दिलं. मी स्वतःहून. ती आधीच घेऊन बसली होती, तो तपशील झाला.

माझ्याकडे लेखी अहवालाचं खातं आलंय. जेवताना जे सुचेल ते बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. कल्पना मृण्मयीची. हुशार मुलगी.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार
देश सहावा: पुन्हा चीन, पण दुसरं हॉटेल. नवा देश सापडला नाही. अहवाल पूर्ण केला, चार पानं, दोन्ही बाजूंनी. टेबल डुगडुगत होतं. ज्योतीने अहवाल मागून घेतला. वाचेल असं वाटलं. तिने त्याच्या चार घड्या केल्या आणि वाकून टेबलाच्या पायाखाली सारल्या.

टेबल एकदम स्थिर झालं. सूप सांडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाटबंधारे खात्यात वीस वर्षं अहवाल लिहितोय. इतक्या लवकर एकाचाही उपयोग झाला नव्हता.