नीवेसची गाडी आणि आखूड गिअर

शनिवार, १ मार्च

बसले! आखूड गिअर बसले एकदाचे. सकाळपासून क्विंतोच्या गॅरेजात गाडीखाली आडवा होतो. पाठ धरली आहे, नखांत तेल आहे, जेवताना बायकोने, ओर्नेल्लाने, दोनदा हात धुवायला पाठवलं — पण बसले.

गिअरबॉक्स उतरवून आतलं मोठं दातेरी चक्र बदललं की पाचही गिअर आखूड होतात. वरचा वेग जातो, पण ओढ अशी येते की बस्स! गेल्या वर्षी चढणीच्या शर्यतीत पाणवठ्याच्या वळणावर दुसऱ्यात इंजिन फाटायला यायचं आणि तिसऱ्यात टाकलं की मरायचं. आता तिसरा तिथे बरोबर लागेल. संध्याकाळी घाट चढून आलो. एवढीशी लाल गाडी, पण काय पळते!

क्विंतो म्हणाला, हमरस्त्यावर नेऊ नकोस हिला, डोकं उठेल. मला कशाला जायचंय हमरस्त्यावर? माझी ड्रायव्हिंग शाळा गावात, शाळेची गाडी वेगळी. ही फक्त माझ्या हौसेची.

ओर्नेल्लाला बोललो नाही. साठी उलटली तरी शर्यती, यावरचं तिचं भाषण मला पाठ आहे.

गुरुवार, ६ मार्च

आमच्या लेकीला, नीवेसला, नोकरी लागली! किनाऱ्यावरच्या इस्पितळात परिचारिका, तूर्त सहा महिन्यांसाठी. बोलोन्याहून शिकून आल्यापासून पोर घरात नुसती येरझाऱ्या घालत होती. आज आईला मिठी मारून रडली.

रोज घाट उतरायचा, मग हमरस्त्याने पाऊण तास. तिच्या कामाच्या पाळीच्या वेळेला बस नाही. ओर्नेल्लाने जेवणाच्या टेबलावर परस्पर जाहीर करून टाकलं — लाल गाडी आठवडाभर नीवेसची, रविवारी माझी. मी हो म्हणालो. काय म्हणणार?

गिअरचं तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर ओर्नेल्लाने उद्याच बदलायला लावले असते. शर्यत एप्रिलच्या शेवटी. तेवढी होऊ दे. मग गुपचूप जुने लांब गिअर परत बसवीन. तेवढ्यात काय आकाश कोसळतंय?

सोमवार, १० मार्च

तिचा पहिला दिवस. घरी आली ती कान चोळत. म्हणाली, बाबा, हमरस्त्यावर ही गाडी किंचाळते. पाचव्यात टाकल्यावरही हात आपोआप पुढचा गिअर शोधत राहतो. सहावा आहे का हिला?

मला हसू आलं. आणि तोंडातून निघून गेलं, "सगळं हातात असतं, पोरी. ही शाळेची गाडी नव्हे. हिला चालवायला शिकावं लागतं."

खोटं! धडधडीत खोटं. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेला माणूस मी. नीवेसलाही मीच शिकवलं, पहिल्या फटक्यात परवाना काढला तिने. तिचा हात कसा आहे हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तिने मान डोलावली. शिकेन म्हणाली.

शुक्रवार, २१ मार्च

चौकातल्या बारमध्ये सकाळची कॉफी. नीवेस चौकातून गेली. पहिला गिअर तिथल्या तिथे संपतो, म्हणून वळण पुरं व्हायच्या आत दुसरा टाकावा लागतो, कारंज्यापाशी तिसरा. एक हात स्टिअरिंगवर, एक गिअरवर, आणि इंजिनाचा आरडाओरडा.

सान्ते न्हावी म्हणाला, "ऑर्फेओ, गावाला शिकवलंस आणि घरची कोरडीच राहिली की रे." सगळे हसले. गिअर बदलायला विसरते, म्हणे. शिलाईचं मशीन चालवते, म्हणे.

मीही हसलो. हसलो! दिव्याखाली अंधार, असंही वर म्हणालो. कॉफी अर्धी टाकून शाळेत आलो. दिवसभर शिकाऊंवर खेकसत होतो.

रविवार, ३० मार्च

आज तिनेच विनंती केली. बाबा, शेजारी बस, माझं काय चुकतं ते सांग.

बसलो. पोरीचं काही चुकत नव्हतं. क्लच हलका, पाय शांत, नजर पुढे. उलट या आखूड गिअरांशी तिने इतकं जुळवून घेतलंय की मीच बघत राहिलो. घाट उतरताना तर ब्रेकला पाय नाही. तिसऱ्यात टाकते आणि पाय उचलते. आखूड गिअर गाडी असा धरतो की वळण आपसूक येतं. उतारावर ब्रेक दाबणारा तो परगावचा, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या शाळेत ते भिंतीवर लिहिलेलं आहे.

आणि मी काय केलं? गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण काही तरी सांगायला नको का, गुरुजी ना मी! एका चढावर म्हणालो, फार लवकर बदलतेस. पुढच्या चढावर म्हणालो, फार उशीर करतेस. ती एकदा हो म्हणाली, दुसऱ्यांदाही हो म्हणाली. घरी येईपर्यंत तिचे खांदे कानाला लागले होते.

लाज वाटते. इथे लिहितानाही वाटते.

रविवार, २७ एप्रिल

शर्यत. गटात दुसरा आलो! या वयात! पाणवठ्याच्या वळणावर तिसरा असा लागला की काय सांगू. बक्षिसात चषक आणि डुकराची एक अख्खी मुरवलेली तंगडी. लोकांनी खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

नीवेस वरच्या टोकाला उभी होती, टाळ्या वाजवत. गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, तुझ्या हातात ही गाडी वेगळीच होते."

तंगडी घरी आणली, पण टांगायला माझं मन होईना. ओर्नेल्लाने टांगली.

बुधवार, ३० एप्रिल

क्विंतोने विचारलं, लांब गिअर कधी बसवायचे? म्हटलं, बघू, सवड झाली की. त्याला सवडच सवड आहे. खरी गोष्ट ही की जूनमध्ये शेजारच्या गावात आणखी एक शर्यत आहे.

हे मी लिहून ठेवतो आहे. माणूस किती खाली जाऊ शकतो ते निदान मला तरी कळावं.

मंगळवार, ६ मे

ओर्नेल्लाकडून कळलं — नीवेस हल्ली चौकातून जात नाही. कबरस्तानामागच्या कच्च्या वाटेने घाटाला लागते. का, तर बारवाले हसतात. आणि रोज डोकेदुखीची गोळी घेते.

दुसरंही कळलं. इस्पितळाला डोंगरातल्या गावांत फिरणारी परिचारिका हवी आहे. म्हाताऱ्यांना घरी जाऊन बघायचं, मलमपट्टी, इंजेक्शनं. कायमची नोकरी! नीवेसला लहानपणापासून हेच करायचं होतं. परिचारिकांच्या मुख्य, मोठ्या बाईंनी स्वतः तिचं नाव सुचवलं. पण दिवसभर एकटीने घाटाघाटांतून गाडी चालवायची.

ओर्नेल्ला म्हणाली, पोरगी नको म्हणते आहे. म्हणते, मला गाडी जमत नाही, बाबांना विचार. कोणा आजीला औषध घेऊन निघाले आणि वाटेत माझ्या हातून काही झालं तर?

"तू सांग तिला काय ते," ओर्नेल्ला म्हणाली. "तुझंच ऐकते ती."

मी उठून शाळेत निघून आलो. माझंच ऐकलंय तिने, तेच तर झालंय.

शनिवार, १० मे

बदलले. नीवेसला आज सुट्टी होती, आईबरोबर बाजाराला गेली. तेवढ्यात गाडी क्विंतोकडे नेली आणि लांब गिअर परत बसवले. जूनची शर्यत गेली खड्ड्यात.

क्विंतोला सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "आता घरी जा आणि तिला सांग."

"सांगायची काय गरज? सोमवारी हमरस्त्यावर गाडी गप्प झालेली बघेल. तिला वाटेल, हात बसला आपला. आपणहून तिचा धीर वाढेल. ती नोकरीही घेईल."

"लेका, गाडी वेगळी झालीय आता. तिला माहीत हवं."

म्हटलं, मला शिकवू नकोस. मी लोकांना शिकवतो.

परतताना गाडी इतकी मऊ चालली! एका गिअरमध्ये सगळा चौक पार. किती सोपं होतं हे. किती सोपं होतं!

रविवार, ११ मे

गाडी बाहेर काढली नाही. रविवार माझा असून काढत कशी नाही, ओर्नेल्लाने विचारलं. पाठ दुखते म्हणालो. उद्या नीवेस हसत येईल. तेवढ्यावर मी सुटलो.

सोमवार, १२ मे

देवा.

नीवेस भिंतीवर गेली. देवळीच्या वळणावर, घाट उतरताना. पहाटे पाऊस झाला होता. रोजच्यासारखं तिसऱ्यात टाकलं, पाय उचलला, आणि गाडी थांबेना. लांब गिअर तसा धरत नाही. मग तिने ब्रेक दाबला, ओल्यावर चाकं अडकली, गाडी सरळ दगडी भिंतीवर.

जिवावरचं टळलं. ओठाला टाके आहेत, खांदा काळानिळा झालाय. गाडीचं नाक आत गेलं. पलीकडच्या कडेला गेली असती तर खाली दरी आहे.

मी पोचलो तेव्हा ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली होती, तोंडाला रुमाल लावून. मला बघून पहिलं काय म्हणाली? "बाबा, सॉरी. तुझी गाडी."

मंगळवार, १३ मे

टाक्यांमुळे तिला नीट बोलता येत नाही. बोलते तेव्हा एकच — गाडी घरून निघतानाच जड वाटली होती, पण म्हटलं मीच झोपेत आहे. तिसराच टाकला होता, बाबा. मला वाटतं मी चौथा टाकला असणार. तिसरा टाकला असता तर गाडी थांबली असती ना?

माझ्याकडे बघत होती.  पाणी आणतो म्हणून उठलो.

उद्या सांगतो.

बुधवार, १४ मे

नाही सांगितलं. तिची मैत्रीण बसली होती. मैत्रीण गेली तेव्हा ओर्नेल्ला होती. ओर्नेल्ला गेली तेव्हा मी होतो आणि नीवेस होती आणि कोणीच नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं.

गुरुवार, १५ मे

मोठ्या बाईंचा फोन आला होता. फिरत्या नोकरीचं उद्या दुपारपर्यंत कळवायला हवं.

नीवेस म्हणाली, ज्या बाईला तिसरा आणि चौथा कळत नाही तिने लोकांच्या दारी जाऊ नये. रडली वगैरे नाही. हिशेब मिटवावा तसं बोलली. ओर्नेल्लाने माझ्या दंडाला चिमटा काढला, बोल म्हणून.

मी म्हणालो, "घाई नको करूस." एवढंच! काय उपयोग असल्या तोंडाचा? सबंध गावाला ओरडून ओरडून शिकवतो, आणि स्वतःच्या पोरीपुढे खरं दोन शब्द निघत नाहीत. शाळा काय म्हणेल, बार काय म्हणेल, सान्ते काय म्हणेल — डोक्यात हेच येतं. भेकड मेला.

उद्या सकाळी. दुपारच्या आत.

शुक्रवार, १६ मे

सकाळी शाळेत परीक्षा अधिकारी आले होते. खरं तर जाऊन यायला वेळ होता. अकरा वाजता दारात येऊन परत फिरलो. जेवायला घरी गेलो तेव्हा तिने नाही कळवून टाकलं होतं.

शनिवार, १७ मे

बारमध्ये गेलो. मुद्दाम. सान्तेने सुरुवात केलीच, भिंतीची दुरुस्ती आता ऑर्फेओच करून देणार का, म्हणून. कोणी हसायच्या आत मी म्हणालो, चूक माझी आहे, तिची नाही. सगळे म्हणाले, बापाचं काळीज! कौतुकाने पाठ थोपटली माझी. पुढे बोलायचं होतं, तर सान्तेने माझी कॉफी आपल्या नावावर घातली.

बाहेर येऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. अर्धवट खरं बोलून वर शाबासकी घेऊन आलो! याहून निर्लज्ज काय असतं मला माहीत नाही.

सोमवार, १९ मे

जागा गेली. दुसऱ्या मुलीला दिली. आता सांगून तिला काही मिळणार नाही. सांगून फक्त माझंच जाणार.

क्विंतो शाळेच्या दारात आला होता. आत आला नाही. "तू नाही सांगितलंस तर मी सांगणार नाही," म्हणाला. "पण माझ्याकडे येत जाऊ नकोस."

मंगळवार, २० मे

सांगितलं. ती परसात मटार सोलत बसली होती. पहिल्यापासून सगळं सांगितलं — मार्च, शर्यत, चढावरचं ते खोटं शिकवणं, दहा तारखेचं गॅरेज. मध्ये थांबलो नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. ती ओरडेल, उठून जाईल, आईला हाक मारेल, असं वाटत होतं.

हातातली शेंग सोलून तिने दाणे भांड्यात टाकले. मग टाके पडलेल्या ओठाने, अगदी हळू, एवढंच विचारलं —

"म्हणजे मी चांगली चालवत होते?"